लेकीला ॲग्रीला घालू का?

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी आवर्जून लिहिलंय. घरी अडीच एकर: दीड एकर भाताची जमीन, एक एकर लाल माळ. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत, थोरला मुलगा पुण्यात कंपनीत. शेत, दोन म्हशी आणि सासू-सासरे यांचं सगळं त्या एकट्या बघतात. धाकटी लेक सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेऊन, आणि तिनं बी.एस्सी. ॲग्रीचा, म्हणजे शेतीच्या पदवीचा हट्ट धरलाय. ‘मी इतकी वर्षं भांगलण करून कंबर मोडून घेतली,’ आई लिहितात. ‘पोरगी शिकून परत शेतातच येणार असेल तर शिकवायचं कशाला? तिचे बाबा म्हणतात, सरकारी सीट नाही लागली तर खाजगी कॉलेजात घालू, रस्त्याकडेचे दहा गुंठे काढू. मला काही सुचत नाही. तुम्हीच सांगा.’

ताई, नमस्कार.

तुमची भीती आधी बाजूला काढू. बी.एस्सी. ॲग्री केलेली मुलं परत खुरपं हातात घेत नाहीत. उलट तक्रार अशी की त्यातली फार थोडी शेताकडे वळतात. बरीचशी बँकेत, खत-बियाण्यांच्या कंपनीत, सरकारी खात्यात जातात आणि उरलेली धारवाडात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडतात. त्यामुळं ‘परत शेतातच येणार’ ही चिंता नको. चिंता करायची तर वेगळी आहे. ती पुढं सांगतो.

त्याआधी तुमच्याच पत्रातला हिशेब बघा. तुम्ही सहज लिहून गेलाय, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. भात घरी खायला पुरतं, विकायला जात नाही. माळावरच्या बटाट्या-रताळ्यातून खत, बियाणं, ट्रॅक्टरचं भाडं सुटतं, कधी वर चार पैसे उरतात. किराणा दुधाच्या बिलावर. घराचा हप्ता, दवाखाना, लेकीची फी नवऱ्याच्या पगारावर, आणि गणपतीत घराला रंग लागला तो पुण्याच्या पैशातून. मग ताई, तुमचं घर शेतकऱ्याचं की कामगाराचं? दोन्ही. आणि असं घर तुमचं एकट्याचं नाही.

२०१८-१९ मध्ये केंद्र सरकारनं देशभरातल्या शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. सरासरी महिन्याचं उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यात पिकातून आलेले ३,७९८, आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकऱ्याचं घर म्हणतो त्या घरात पिकापेक्षा पगाराचा पैसा जास्त. सहाच वर्षं आधी, २०१२-१३ च्या पाहणीत, चित्र उलटं होतं: पिकाचा वाटा निम्म्याच्या आसपास आणि मजुरीचा एक तृतीयांश. जमिनीचे तुकडे पडत गेले, हे त्याचं एक साधं कारण. १९७०-७१ मध्ये देशात एका शेतखात्याची सरासरी जमीन सव्वादोन हेक्टरच्या वर होती, २०१५-१६ मध्ये ती १.०८ हेक्टरवर आली. तुमचं अडीच एकर म्हणजे जवळपास देशाची सरासरी.

पण गंमत पुढं आहे. स्वातंत्र्यानंतर देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, आज तो साधारण १८ टक्के. आणि काम करणाऱ्या माणसांतली २०२३-२४ मध्येही ४६ टक्के शेतीतच. पैसा शेतातून बाहेर पडला, माणसं तितक्या वेगानं बाहेर पडली नाहीत. १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या दरासाठी रयत हायवेवर बसली, तेव्हा प्रश्न सरळ होता: पिकाला भाव द्या. तो प्रश्न आजही आहे, पण भाव मिळाला तरी अडीच एकरावर चार माणसांचं घर चालत नाही, हा दुसरा प्रश्न त्याच्या डोक्यावर येऊन बसलाय.

मग शेत काढून टाकावं का? नाही. लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईहून गाड्या भरून पोरं गावाकडं आली. देशातल्या शेतीवर काम करणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये साडेबेचाळीस टक्के होतं, ते वर्षभरात साडेपंचेचाळीसच्या पुढं गेलं आणि २०२३-२४ पर्यंत तरी फारसं खाली आलं नाही. तुमचा मुलगाही तेव्हा सहा महिने घरीच होता, असं तुम्ही लिहिलंय. कंपनी बंद असताना त्याला तुमच्या दीड एकराच्या भातानं खायला घातलं. शेतीचं काम आता बदललंय. ती घर चालवत नाही, घर पडू देत नाही. लेकीच्या शिक्षणाचा निर्णय हे डोळ्यापुढं ठेवून घ्यायचा.

अजून एक, आणि हे तुमच्याबद्दलच आहे. खेड्यातल्या काम करणाऱ्या शंभर पुरुषांतले एकोणपन्नास शेतीत आहेत. बायकांतल्या? सत्त्याहत्तर. पुरुष फौंड्रीत, गोव्यात, पुण्यात गेले आणि शेत बायकांच्या अंगावर पडलं. धूळवाफ पेरणीला पाऊस कधी धरायचा, मसूर कुठल्या वाफशाला टाकायची, सुगीला मशीन बोलवायचं की माणसं, हे तुमच्या घरात आता तुम्ही ठरवता. पण देशातल्या शेतखात्यांपैकी बायकांच्या नावावर आहेत सुमारे चौदा टक्के. उताऱ्यावर नाव नाही, म्हणून कृषी पत्तीनमध्ये (गावच्या शेती पतसंस्थेत) कर्जाला नाव नाही, रयत संपर्क केंद्रात योजनेला नाव नाही. शिबिराला बोलावतात ते उद्यमबागेत पाळीला गेलेल्या तुमच्या मालकांना! तुमची लेक हे लहानपणापासून बघत आलीय. तिला ॲग्री का करायचंय, हे तिला एकदा नीट विचारा. मला वाटतं कारण तुमची कंबरच आहे.

आता पैसा गेला कुठं ते बघू, कारण नोकऱ्याही तिकडंच गेल्यात.

मार्केट यार्डात जवारी बटाट्याचा सौदा तुम्ही बघितला असेल. एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला बटाटा, पण यार्डात त्याचे चार भाव होतात: गोळी, मिडियम, मोठवड, गोळा. ज्यानं घरीच निवडून, माती झाडून, चार वेगळी पोती भरली त्याचं बिल वेगळं आणि ज्यानं सरसकट भरून आणलं त्याचं वेगळं. तोच बटाटा पुढं बाहेर जातो, भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते, रताळी लॉरी भरून उत्तरेकडं जातात. शेतापासून ताटापर्यंतच्या या वाटेवर निवडणारा, तोलणारा, साठवणारा, गाडी लावणारा, दर ठरवणारा, कर्ज देणारा, विमा उतरवणारा, माती तपासणारा, औषध विकणारा असे दहा जण उभे आहेत. कष्ट तुमचे सगळ्यात जास्त आणि त्या रांगेत शिकलेलं माणूस तुमच्या बाजूनं उभं असलेलं एकही नाही. लेकीला ‘शेती’ शिकवायची नाहीच आहे. या रांगेतली एक जागा तिनं पकडायची आहे.

बी.एस्सी. ॲग्री हा त्या रांगेत शिरायचा सगळ्यात रुंद दरवाजा. चार वर्षांची पदवी. आपल्याला सगळ्यात जवळ धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ. प्रवेश के.सी.ई.टी.तून, म्हणजे कर्नाटकाच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून. तिच्याकडं बायोलॉजी आहे, म्हणजे पात्रता आहे. आणि इथंच तुमची एक गोष्ट कामाला येते जी बेळगावातल्या ट्युशनवाल्या पोरांकडं नाही: शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा कोटा. त्यासाठी सी.ई.टी.शिवाय एक प्रात्यक्षिक परीक्षा असते. टेबलावर बी-बियाणं, तण, खतं, अवजारं, किडकं पान असं काय काय मांडलेलं असतं, ते ओळखायचं असतं. शहरातली पोरं यासाठी फोटो बघून पाठ करतात. तुमच्या लेकीनं वर्षभर तुमच्याबरोबर शिवारात फिरताना डोळे उघडे ठेवले तरी अर्धी तयारी झाली. ज्वारी, मका, सोयाबीन, भुईमूग या पिकांचंही बघायला सांगा. आपल्याकडं भाताशिवाय फारसं दिसत नाही म्हणून पोरं तिथं अडखळतात.

त्याच अर्जात पर्याय भरताना घटप्रभेजवळच्या अरभावीचं कित्तूर राणी चन्नम्मा हॉर्टिकल्चर कॉलेजही घाला. ते बागलकोटच्या बागायत विद्यापीठाचं आहे आणि आपल्याच जिल्ह्यात आहे. बटाटा, रताळी, मिरची, काजू, फुलं, म्हणजे आपल्या भागातला जो माल गोव्याला आणि बाहेर जातो तो सगळा तिथल्या अभ्यासात येतो. लोक ॲग्रीच्या मागं धावतात आणि हॉर्टिकल्चरला दुय्यम समजतात. माझं मत विचाराल तर बेळगावच्या पश्चिम भागातल्या पोरीला हॉर्टिकल्चर जास्त शोभतं.

पुढच्या नोकऱ्या? बँकांतली ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरची भरती आय.बी.पी.एस. करते, आणि तिला ॲग्री, हॉर्टिकल्चर यांसारखी चार वर्षांची पदवीच लागते. राज्याच्या कृषी खात्यात कृषी अधिकारी, सहायक कृषी अधिकारी: २०२४ मध्ये के.पी.एस.सी.नं (कर्नाटक लोकसेवा आयोगानं) ९४५ जागांची जाहिरात काढली होती, पण अशी मोठी भरती दरवर्षी येत नाही, तिच्या भरवशावर वय घालवू नये. चिकोडी, अथणी, हुक्केरी भागात साखर कारखाने आहेत, त्यांच्या शेती विभागात ऊस नोंदणीपासून ठिबकपर्यंतची कामं असतात. शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. २०२० मध्ये केंद्रानं दहा हजार कंपन्यांची योजना आणली, त्यात प्रत्येक कंपनीला तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत व्यवस्थापनाचा खर्च मिळतो, मॅनेजर आणि अकौंटंटचा पगार त्यातच. पगार सुरुवातीला किरकोळ, पण माल विकायचा कसा हे जिथं खरोखर शिकायला मिळतं अशी ती जागा.

आणि स्वतःचं काही करायचं असेल तर ॲग्री-क्लिनिकची केंद्राची योजना आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेमार्फत ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण आणि पुढं प्रकल्पाच्या खर्चावर अनुदान, इतरांना ३६ टक्के, महिलांना ४४. गावात कीडनाशक औषधांचं दुकान काढायलाही आता परवान्यासाठी शिक्षणाची अट आहे. उद्या तुमच्या गावात औषधाच्या दुकानात तुमचीच लेक बसली, आणि ‘काकी, हे औषध नको, ही कीड नाही, ही पालाशची कमतरता आहे’ म्हणाली, तर किती घरांचा फुकटचा खर्च वाचेल बघा.

आता दहा गुंठ्यांचं. इथं मी जरा कडक बोलणार आहे, मालकांनाही वाचून दाखवा.

सरकारी सीट लागली तर जमीन विकायची गरजच नाही. हॉस्टेल-मेस धरूनही तो खर्च पगार आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज यात बसतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी योजना आहे, त्यात तारण द्यावं लागत नाही. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राज्याची रयत विद्यानिधी शिष्यवृत्ती आहे, कोर्सप्रमाणं वर्षाला अडीच हजारापासून अकरा हजारांपर्यंत, मुलींना मुलांपेक्षा थोडी जास्त. फार मोठी रक्कम नाही, पण पुस्तकं निघतात.

सरकारी सीट लागली नाही तर खाजगीला जमीन विकून घालू नका. सगळी खाजगी कॉलेजं वाईट असं मी म्हणत नाही. पण आधी एकच विचारा: कॉलेजला आय.सी.ए.आर.ची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) अधिस्वीकृती आहे का? नुसतं ‘सरकारमान्य’ म्हणाले तर कागद मागा. ती नसेल तर पुढं एम.एस्सी.च्या प्रवेशात पदवी अडते, भरतीतही अडू शकते. आणि असली तरी, सुरुवातीच्या पगाराकडं बघता रस्त्याकडेचे दहा गुंठे परत कधी घेता येतील का, हा हिशेब मांडा. २०२० मध्ये राज्यानं जमीन सुधारणा कायदा बदलला, बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. त्यात शहर तुमच्याकडं सरकतंय. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातली रयत हलगा-मच्छे बायपासमध्ये पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून कोर्टात आणि रस्त्यावर झगडली, ती उगीच नाही. तुम्ही स्वतःहून का देताय?

शिवाय मालकांना हेही सांगा: जमीन वडिलोपार्जित आहे, सासऱ्यांच्या नावावर आहे. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क मुलाइतकाच आहे. कर्नाटकात ही तरतूद १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ती पुन्हा पक्की केली. लेकीच्या शिक्षणासाठी म्हणून जे दहा गुंठे काढायचे त्यात तिचाही वाटा आहे. तिला विचारलंत का?

सीट नाहीच लागली तर? बेळगावात राहून साधी बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. हसू नका. माती-पाणी तपासणी, दूध संघ, खाद्य कारखाने, साखर कारखाने, सगळीकडं लॅब आहे आणि लॅबला केमिस्ट्रीवालं माणूस लागतं. पदवीनंतर बेळगावातच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तिथं साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर गेल्यापासून कारखान्यांचं अर्धं लक्ष डिस्टिलरीकडं लागलंय. घरी राहून, बसच्या पासावर शिकता येईल असा रस्ता आहे हा.

महाराष्ट्राचाही पर्याय आहे. कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, घरापासून फार लांब नाही. महाराष्ट्राच्या सी.ई.टी.तून होणाऱ्या प्रवेशांत सीमाभागातल्या, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांसाठी तरतूद असते. रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दाखले लागतात. त्या वर्षीची कृषी प्रवेशाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा, शेजारणीच्या पोरीनं इंजिनिअरिंगला कसा भरला होता यावर जाऊ नका. पुढं महाराष्ट्राच्या सरकारी भरतीतही या ८६५ गावांतल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला चालतो. दोन्ही परीक्षा द्याव्यात, असं माझं म्हणणं. दोन दारं असताना एकच का ठोठवायचं?

इथं एक नाजूक गोष्ट सांगतो. आपल्याकडं काही घरांत पोरांना कन्नड नीट शिकू देत नाहीत. मराठीसाठी मोर्चात जा, मीही गेलोय. पण कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला कन्नड भाषेची परीक्षा पास व्हावी लागते, आणि त्याहीपेक्षा, बैलहोंगल किंवा सौंदत्तीच्या शेतकऱ्याशी कापसावर बोलायचं तर ते मराठीत बोलता येणार नाही. तुमची लेक मराठी शाळेतून आलीय. पीयूसीत कन्नड भाषा घेतली नसेल तर सुट्टीत रोज थोडं वाचायला लावा. मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी आणि इंग्रजी वाचणारी ॲग्रीची मुलगी कुठल्याही बँकेला हवी असते. असं माणूस पुण्यात मिळत नाही, बेंगळुरात मिळत नाही, आपल्याकडंच मिळतं.

सुरुवातीला म्हटलेली ती वेगळी चिंता आता. चौथ्या वर्षी ‘रावे’ म्हणून खेड्यात राहून काम करायचं सत्र असतं. पोरं गावात राहतात, तक्ते लावतात, माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवतात, फोटो काढतात आणि जातात. शेतकऱ्याशी त्यांचा संबंध बऱ्याचदा तिथंच संपतो. लेक शिकेल, नोकरीला लागेल, आणि तुमच्या अडीच एकरात तेच बियाणं, तोच युरिया, तेच सरसकट भरलेलं पोतं राहील, ही भीती मला आहे. त्यावर उपाय तिच्याच हातात आहे. त्यामुळं चार ओळी तिला.

बाळ, तुझ्या आईच्या एक एकर माळाची वही घाल. यंदाच्या बटाट्यापासून. बियाणं किती, खत किती, भांगलणीला किती बायका, यार्डात कुठल्या पोत्याला काय भाव पडला, अडत-हमाली किती कापली. पुढच्या खेपेला अर्धा माल निवडून चार पोत्यांत भर, अर्धा नेहमीसारखा, आणि दोन्ही बिलं त्या वहीला लाव. आईनं केलेल्या कामाचीही मजुरी धर, ती कोण धरत नाही म्हणून मुद्दाम धर. मुलाखतीत ‘ॲग्री का?’ विचारलं की ही वही पुढं ठेवता येईल. घरी सध्या काम वाढवायचं नाही, सी.ई.टी. आधी. पण वहीला दिवसाला दहा मिनिटं पुरतात.

ताई, सगळ्यात पहिलं काम मात्र कागदाचं. उतारा सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळं शेतकरी कोट्यासाठी लेकीचं त्यांच्याशी नातं दाखवणारी वंशावळ लागेल. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून. आधारवरचं, दहावीच्या मार्क्सकार्डावरचं आणि उताऱ्यावरचं आडनाव एकाच स्पेलिंगात आहे का बघा, आपल्याकडं मराठीचं कन्नड आणि कन्नडचं इंग्रजी होताना एकेका आडनावाची तीन रूपं होतात आणि ऐन कागदपत्र तपासणीच्या दिवशी पोरगी रडत घरी येते. परीक्षेच्या आधी, या महिन्यातच हे उरका. तलाठ्याकडं मालकांना सुट्टी मिळायची वाट बघू नका, तुम्हीच जा, लेकीला बरोबर घेऊन जा.